अक्षरी तीन रुपये

इतवारीत, भांड्यांच्या दुकानाच्या जिन्याखाली माझं मशीन.
सुई थरथरते, स्टील किरकिरतं,
कोणाचं तरी नाव कोणाच्या तरी परातीवर बसतं.
अक्षरी तीन रुपये. काना-मात्रा त्यातच.
अनुस्वाराचे पैसे मी घेत नाही,
टिंब तर असतं, सुई टेकवली की झालं.

एकतीस वर्षं झाली. आडनाव निनावे.
गिऱ्हाईक हसतं: नावं कोरणारा, अन् निनावे!
मीही हसतो. चहा सांगतो.

घरी माळ्यावर एक पेटी आहे.
तो जन्मला त्या वर्षापासून
(हेही शिकलो, मागे जातानाही 'तो'च)
दर दिवाळीला एक भांडं, आंदणासाठी.
पेले, गडवे, दोन घागरी. चोवीस नग.
त्यावरचं नाव इथे लिहीत नाही, त्याला आवडत नाही.
पण अक्षर असं सुबक, की कधी कधी
मीच पेटी उघडून बघत बसायचो.

मे महिन्यातली रात्र. मी कुलरमध्ये पाणी भरत होतो.
तो म्हणाला, 'बाबा, माझं नाव सारंग आहे.'
पाइप माझ्या हातात. टाकी भरली, वाहायला लागली,
आतून त्याची आई ओरडली, 'नळ बंद करा न कोणी!'
त्यानेच केला.

मग मी पळवाट काढली.
आपल्या भाषेत ती तयारच असते.
'पोरगं आलं का?' 'लेकरू जेवलं का?'
ना आला, ना आली.
सहा महिने मी त्या 'आलं'मध्ये लपून बसलो,
वर वाटायचं, काय समजूतदार बाप आहे मी.
एक दिवस बूट काढता काढता तो बोलला,
'चोवीस वर्षांचा आहो मी, बाबा.
लेकरू काहून म्हणता? नाव आहे न मले.'

'काय करून राहिली...'
जीभ पुढे निघून जायची,
मी मागून धावायचो: 'राहिला. काय करून राहिला?'
'चहा करून राहिलो. घेता का?'
चुका तो मोजत नव्हता.
मी मोजत होतो.

पेटी खाली काढली. म्हटलं, सगळ्याले बफ मारून आणतो.
बफने अक्षर जातं, पत्रा पातळ होतो,
आणि तिरप्या उजेडात सावली राहतेच. माझा धंदा आहे, मला ठाऊक.
शिवाय ते नाव काही मारबत नव्हतं,
की 'घेऊन जा गे' म्हणत गावाबाहेर नेऊन जाळावं.
मीच ठेवलं होतं. लाडानं.
तो म्हणाला, 'पेला एक द्या, माझ्या पाण्याचा. बाकी राहू द्या वरच.'
एक पेला घासला.

हिवाळ्यात पुतणीचं लग्न, उमरेडला.
आमच्याकडून कोठी. काय कोरायचं त्याची चिठ्ठी भावानेच पाठवली:
मोठे बाबा, मोठी आई,
आणि खाली ते जुनं नाव, 'ताई' लावून.
चिठ्ठी मशीनखाली सरकवली. कोरलं:
दादा सारंग.
हात कापला का, ते सांगता येत नाही.
त्या मशीनवर हात कापतच असतो.

मांडवात आहेर मांडला, तशी वेणूताई चष्मा लावून
एकेक नाव मोठ्यानं वाचायला लागली. सवयच तिची.
कोठीपाशी थांबली. 'हा कोण बाप्पा, सारंग?'
भाऊ मोबाइलमध्ये बघायला लागला.
मी म्हणालो, 'माझा पोरगा.
तो काय तिकडे, पाणी वाढून राहिला.'

पोरगा. पोरगं नाही.
टिंब गेलं, काना आला.
टिंब त्याच्या नावात जाऊन बसलं असेल.

वेणूताई त्याच्याकडे बघत राहिली.
मग कोठी उचलून पाहिली.
'जड आहे चांगली,' म्हणाली. 'किती किलो धान्य मावते?'